शेवटाच्या जागी विणकाम

त्या घरात जावई होऊ पाहणाऱ्याचं शिक्षण काय, नोकरी काय, डोक्यावर केस किती, या चौकशा नंतरच्या. आधी त्याला बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसवून एक पिक्चर दाखवला जाई. जुना, काळा-पांढरा, विनोदी, मोठमोठ्या माणसांची टोपी उडवणारा. बाबा शेजारच्या खुर्चीत बसत, पण खुर्चीचं तोंड टीव्हीकडे नसे, सोफ्याकडे असे. पिक्चर त्यांना तोंडपाठ होता. ते माणूस बघत.

लहान असताना धाकटीला याची गंमत वाटायची. ताईच्या वेळी तर ती जमिनीवर बसून बिस्किटं खात होती. ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, पहिल्या फटक्यात पास झाला. त्यात त्याचं कर्तृत्व फारसं नव्हतं. तो माणूस साबणाच्या जाहिरातीलाही हसतो. पण धाकटीची पाळी आली आणि गंमत आटली. विमा कंपनीतला एक अधिकारी आला, तो प्रत्येक विनोदाच्या जरासा आधीच हसत होता. "घोकून आलाय," एवढंच बाबा बोलले. कॉलेजात शिकवणारा एक आला, त्यानं मध्येच घड्याळ बघून विचारलं, "अजून बराच आहे का?" त्याच्याबद्दल बाबा एवढंही बोलले नाहीत. त्यांचा नकार असाच असे. ते रागावत नसत, नावं ठेवत नसत. त्या माणसाचा विषयच घरात निघेनासा होई. जणू कुणी आलंच नव्हतं आणि कपबशी आपोआप उष्टी झाली होती. दोन्ही वेळी धाकटीनं महिनाभर वाट पाहिली की बाबा निदान "तो कुठे राहायचा गं?" एवढं तरी विचारतील. नाही.

आता तिची तिशी उलटली होती आणि या खेपेचा उमेदवार दातांचा डॉक्टर होता. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करी. तुटलेल्या चष्म्याची दांडी दात साफ करायच्या धाग्यानं बांधून तो दुकानात आला, तिथून ओळख. ताईला कळल्यावर ती म्हणाली होती, "एक डोळे बघणार, एक दात. बरं आहे, नाक-कान तेवढे बाहेर द्या."

डॉक्टर सरळ होता, शांत होता, धाकटीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेई. एकच खोट होती आणि नेमकी ती या घरात चालणारी नव्हती. तो हसत नसे. एखादी गोष्ट फारच आवडली तर, "हं, छान आहे," म्हणे. बाकीचे हसायला लागले की हा त्यांच्या उघड्या तोंडात बघे. भाऊजीच्या एका विनोदावर सगळे हसत असताना यानं गंभीरपणे सांगितलं होतं, "तुमची वरची शेवटची दाढ दाखवून घ्या."

आणि बाबांनी शेवटी सांगितलं, "रविवारी बोलाव त्यांना. आपला पिक्चर बघू."

शनिवारी दुकान सुटल्यावर धाकटी थेट त्याच्या दवाखान्यात गेली. शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला होता, डॉक्टर अवजारं उकळायला लावत होता. ती पेशंटच्याच खुर्चीत बसली. दुसरी खुर्ची नव्हती.

"नीट ऐक," ती म्हणाली. "एक मोठे साहेब असतात. खुर्चीतच झोपतात. उठवायची कुणाची छाती होत नाही. फायली तुंबतात. मग त्यांचा शिपाई शोध लावतो, की साहेब एकदा घोरले तर होकार, दोनदा घोरले तर नकार. सगळं शहर त्या घोरण्यावर चालायला लागतं आणि आधीपेक्षा बरं चालतं. इथपर्यंत नुसता गालात हस."

"हं."

"शिपाई खिडकी उघडतो आणि खाली चौकात जमलेली गर्दी साहेबांचं घोरणं ऐकून टोप्या काढते. तिथे मोठ्यानं. पण आधी नाही! लोक टोप्या काढतील तेव्हाच. बाबा तिथेच बघतात."

"बघितलाय मी हा पिक्चर," डॉक्टर म्हणाला.

धाकटी खुर्चीत ताठ झाली. "आणि हे आत्ता सांगतोस?"

"कॉलेजात दाखवला होता. बघावाच असा आहे. शेवट मात्र अंगावर येतो."

"अंगावर कसला येतो? शेवटी शिपाई खिडकीत उभा राहून सलाम ठोकतो, लोक जयजयकार करतात, मागून साहेब एकदा घोरतात. संपला!"

"मग साहेब जागे होतात," डॉक्टर म्हणाला.

"कुठे जागे होतात? मग तर विणकाम लागतं."

आता डॉक्टर तिच्याकडे वळला. तिला समजावून सांगावं लागलं. घरात पिक्चर होता तो टीव्हीवरून कॅसेटमध्ये भरून घेतलेला. कॅसेटचं यंत्र मोडल्यावर भाऊजीनं तो पेनड्राइव्हवर उतरवून आणला, जसा होता तसा. सलामाच्या पाठोपाठ पडद्यावर राखाडी रेघा येत आणि एक जाडजूड बाई लोकरीचा मोजा हातात धरून सांगे, "आता दोन टाके उलटे घ्या." आईनं फार वर्षांपूर्वी चुकून वर विणकामाचा कार्यक्रम भरला होता. नुसती शेवटची नावं पुसली गेली, असं घरात सगळे धरून चालत. त्या बाईबरोबर सगळं घर एका सुरात "दोन टाके उलटे घ्या" म्हणे आणि आईला चिडवे. घरातल्या घरात कुणाचं काम बिघडलं तरी हेच म्हणत.

डॉक्टरनं हातमोजे काढले. "नावं नाही पुसली गेली. बराच भाग गेलाय."

"सांग."

"साहेब डोळे उघडतात. पहिला प्रश्न विचारतात, 'खिडकी कुणी उघडली?' सगळे गप्प. मग एक कारकून हळूच बोट दाखवतो. शिपायाकडे. मग दुसरा. मग सगळे, ज्यांची कामं त्यानं केली तेसुद्धा. शिपायाला घेऊन जातात. साहेब खिडकी लावतात, परत झोपतात. नवा शिपाई येतो आणि त्यांच्या कोटाची गुंडी लावतो. तिथे संपतो."

अवजारांचं पाणी खदखदत होतं. धाकटी खुर्चीतून उठून उभी राहिली.

कारण ती तिसरी-चौथीत असताना बाबा एक सबंध वर्ष घरी होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क. घरात त्या वर्षाला "बाबांची मोठी रजा" म्हणत, आणि बाबा रोज शाळेत न्यायला येतात म्हणून धाकटी खूश होती. खरं काय ते पुढे ताईनं सांगितलं. साहेबांनी न वाचता सही केली, भलतीच जलवाहिनी बंद झाली, अर्धं गाव कोरडं पडलं. चौकशीत सगळी कचेरी एका आवाजात म्हणाली, हेडक्लार्कनं केलं. बाबांच्या हाताखाली वाढलेली माणसं. वर्षानं त्यांना परत घेतलं, पण कचेरीतल्या कुणाच्याही घरी बाबा पुन्हा कधी जेवायला गेले नाहीत.

आणि हाच माणूस त्या शिपायाचा सलाम आला की दरवेळी म्हणायचा, "बघा, साधा शिपाई. पण शहर चालवलं पठ्ठ्यानं!"

"बाबांना शेवट सांगायचा नाही," धाकटी म्हणाली.

"मी कशाला सांगू?"

"विचारलं तर?"

"विचारलं तर खोटं नाही बोलता येत मला. दुखणार नाही असं मी पेशंटलासुद्धा सांगत नाही."

"म्हणूनच तुझ्या बाहेरच्या बाकावर कुणी नसतं."

"हं," तो म्हणाला. "छान आहे."

रविवारी सकाळी दुकान अर्धा दिवस उघडं असे. एका आजोबांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजताना धाकटीची पट्टी त्यांच्या नाकावरच थांबली. विणकाम. आईला शिलाईची आवड होती, भरतकामाची होती. पण घरात कधी लोकर आली नव्हती. विणायची सुई तिनं आईच्या हातात उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मग विणकामाचा कार्यक्रम आईनं भरलाच कशाला?

"काय झालं, पोरी?" आजोबा म्हणाले. "डोळे जागेवर आहेत ना?"

"आहेत, आजोबा," ती म्हणाली. "माझेच हलले."

संध्याकाळी डॉक्टर आला. इस्त्रीचा सदरा, नवा चष्मा. आईनं चहा दिला, बाबांनी "या, डॉक्टर," म्हणून सोफा दाखवला आणि आपली खुर्ची सवयीनं फिरवून घेतली. धाकटी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं, तिला फक्त बाबांचे डोळे दिसत होते.

साहेब झोपले. डॉक्टर हसला नाही. शिपायानं घोरण्याचा अर्थ लावला. डॉक्टर पुढे झुकला, पण हसला नाही. पूल बांधायचा की नाही यावर सगळी समिती श्वास रोखून साहेबांच्या नाकाकडे बघत बसते, तिथे आई आतल्या दारात उभी राहून खुदकन हसली, आणि डॉक्टरनं मान वळवून आईकडे पाहिलं. दातांकडेच, धाकटीला खात्री होती. तिनं उशी मांडीवर घेतली आणि तिचं टोक पिळायला सुरुवात केली.

खिडकी उघडली. घोरणं चौकात गेलं. लोकांनी टोप्या काढल्या. धाकटी मोठ्यानं हसली, दोघांच्या वाटचं. डॉक्टर म्हणाला, "हं."

बाबांनी रिमोट उचलून पिक्चर थांबवला. इथे नेहमी मध्यंतर होई, दुसरा चहा होई. पण धाकटीला वाटलं, कारभार आटोपला. ती कपबशा गोळा करून जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेली.

"आई, त्याला शेवट माहीत आहे."

आई गाळणं धुत होती. "मग असेना. सलामच तर ठोकतो."

"खरा शेवट, आई."

नळ वाहत राहिला. आईनं तो बंद केला आणि आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"त्यानं यांना सांगितलं?"

"अजून नाही. आई, तू विणकाम कधी केलंयस?"

आई स्टुलावर बसली. बोलली ती इतक्या हळू की चहाच्या आधणाचा आवाज मोठा वाटला. "यांनीच भरायला सांगितला होता तो पिक्चर. रजेच्या वर्षात. दुसऱ्या दिवशी चौकशीची शेवटची तारीख. भरता भरता हे खुर्चीतच झोपले. बंद करायचं म्हणून मी जागी बसले, आणि तो शेवट आला. सगळी बोटं त्या एका माणसाकडे. म्हटलं, हे सकाळी यांनी बघितलं तर... मी मागे नेलं आणि दुसऱ्या वाहिनीवर जे काही चालू होतं ते वर भरलं. ती बाई होती. सकाळी म्हटलं, चुकून दाबलं गेलं हो. तेव्हापासून वेंधळी ती मी."

"आणि आम्ही एवढी वर्षं तुला चिडवतोय?"

"चिडवा की. त्यानं काय झिजते मी? पण यांना कळता कामा नये. तुझ्या त्या दातवाल्याला सांग, जीभ आवर. दुसऱ्यांच्या धरून ठेवतो ना चिमट्यात? आज स्वतःची धर म्हणावं."

पण सांगायचं कसं? बाहेर आल्यावर ती आणि डॉक्टर यांच्या मध्ये बाबांची नजर होती, पोलिसासारखी. तिनं चहा देताना डोळे मोठे केले. डॉक्टरनं कप घेतला आणि विचारलं, "डोळ्यांत काही गेलं का?"

उत्तरार्ध सुरू झाला. धाकटी आता प्रत्येक प्रसंग मोजत होती. सणसणीत विनोद येत होते आणि एखाद्या परीक्षेच्या घंटेसारखे तिच्या छातीत वाजत होते. आई दारातून हलली नव्हती. तिच्या हातात गाळणं तसंच होतं. शिपायाला फुलांचा गुच्छ मिळाला. कारकुनांनी त्याला खांद्यावर घेतलं. हेच कारकून, धाकटीला पहिल्यांदाच दिसलं. त्यातल्या एकाचा हात शिपायाच्या गुडघ्यावर होता आणि बोट सरळ होतं.

सलाम. जयजयकार. एक घोरणं.

"साधा शिपाई," बाबा म्हणाले. "पण शहर चालवलं पठ्ठ्यानं!"

राखाडी रेघा. जाडजूड बाई. आणि बाबा आणि धाकटी सवयीनं म्हणाले, "आता दोन टाके उलटे घ्या." आईचा आवाज यावेळी आला नाही.

तेव्हा डॉक्टर हसला. गालातल्या गालात नाही, खो-खो. विणकामाच्या बाईकडे बघून, पोट धरून, चष्मा काढून. त्याचे सगळे दात दिसले, अगदी निरोगी. धाकटीनं ते आजवर पाहिलेच नव्हते.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. हसू ओसरल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला.

"बोला डॉक्टर. आमचा पिक्चर बघण्यासारखा आहे, की तुमची संध्याकाळ फुकट गेली?"

धाकटीनं उशी सोडली. आता काही धरून उपयोग नव्हता.

"बघण्यासारखा आहेच, काका," डॉक्टर म्हणाला. मग जरा थांबून, चष्मा पुसत, "मी पूर्वी एकदा पाहिला होता. पण तुमच्याकडे आहे तो जास्त चांगला आहे."

 आईच्या हातातून गाळणं पडलं, ते लोळत सोफ्याखाली गेलं आणि कुणी उचललं नाही.

बाबा उठले. "चला," ते म्हणाले. "खाली सोडतो तुम्हाला."

बाबा कुणाला खाली सोडत नसत. विमावाल्याला ते खुर्चीतूनच "बरंय" म्हणाले होते. याचा अर्थ काय लावायचा हे धाकटीला ठाऊक नव्हतं. एकदा घोरणं की दोनदा, हे सांगणारा शिपाईही जवळ नव्हता. डॉक्टरनं आईला "येतो काकू" म्हटलं, चप्पल घातली, दोघं जिना उतरून गेले.

मायलेकी गच्चीत आल्या आणि कठड्याला टेकून खाली बघू लागल्या. दिव्याच्या खांबाखाली डॉक्टरची स्कूटर. बाबा बोलत होते, डॉक्टर ऐकत होता. मग बाबांनी मान मागे टाकून आ केला, आणि डॉक्टर मोबाइलचा उजेड पाडून त्यांच्या तोंडात वाकून बघू लागला.

"हे काय चाललंय?" आई म्हणाली.

"मला काय विचारतेस? तुझा नवरा आहे."

"तो दुसरा तुझा होतोय की नाही ते तर कळू दे एकदा."

बाबा वर आले. हात धुतले, सकाळचं वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. डॉक्टरचं नाव नाही. धाकटी वाट बघत राहिली. पंख्याचा आवाज. आई आत भांडी लावत होती, नको तितक्या हळू. एक पान उलटलं. आणखी एक. झालं, धाकटी मनात म्हणाली, आता हा माणूसही आलाच नव्हता.

फोन वाजला. ती गच्चीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"त्यांना माहीत आहे," डॉक्टर म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"शेवट. लग्नाआधी थिएटरात पाहिला होता त्यांनी. पिक्चर भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट लावली आणि ती विणणारी बाई निघाली, तेव्हाच कळलं म्हणाले, हे कुणी केलं आणि कशासाठी."

धाकटीनं कठडा धरला. "मग त्या वर्षात भरायला तरी का सांगितला?"

"मी विचारलं. म्हणाले, पहिलं बोट कुणी दाखवलं ते नीट बघायचं होतं." तो थांबला. "म्हणाले, तिनं ते पुसलं म्हणून सुटलो. नाहीतर जन्मभर तेवढंच मागे नेऊन नेऊन बघत बसलो असतो. आणि काकूंना सांगायचं नाही. एवढ्या वर्षांचं त्यांचं विणकाम आहे, उसवू नका, म्हणाले."

"आणि माझं? माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही. दाढ दुखते म्हणाले."

ती आत आली. आई ओट्यापाशी तिची वाटच बघत होती. "त्यानं यांना काही सांगितलं नाही ना?"

"नाही, आई," धाकटी म्हणाली. हे शब्दाला शब्द खरं होतं, आणि तरीही तिचे कान तापले. एका खोलीत आईचं गुपित बाबांपासून, दुसऱ्या खोलीत बाबांचं गुपित आईपासून, आणि मध्ये ही.

"काय कुजबुज चाललीय?" बाहेरून बाबा.

"काही नाही!" दोघी एका सुरात.

वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला. "छोटे," बाबा म्हणाले, "ते डॉक्टर चहात साखर घेत नाहीत वाटतं? तळाशी तशीच होती. पुढच्या रविवारी बिनसाखरेचा कर त्यांना. आणि विचारून ठेव, दाढ काढायची ती आधी काढायची की लग्नानंतर? फोटोत गाल सुजलेला नको."

धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पण त्या बाईला सुखाचा घास चिंतेशिवाय गिळताच येत नसे. ती कानाशी कुजबुजली, "उद्या येताना लोकर आणि सुया घेऊन ये. तुला कळलं, तसं उद्या यांनाही कळेल, की मी कधी विणलंच नाही."

पुढच्या रविवारी डॉक्टर आला तेव्हा आई सोफ्यावर मांडीत लोकर घेऊन बसली होती. सुया कशा धराव्यात हे तिला ठाऊक नव्हतं. गुंता मात्र मोठा झाला होता. बाबांनी गाल धरून तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग धाकटीकडे, आणि धाकटीनं चटकन छताकडे पाहिलं.

"अगं, तसं नाही," बाबा आईला म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. "एवढी वर्षं ऐकतेस ना? आता दोन टाके उलटे घे."